घराण्याचा रोग : एका वादाचा इतिहास

“हा आमच्या घराण्याचाच रोग,” असें म्हणून अतिरक्तदाबापुढें मान तुकविणारे गृहस्थ प्रत्येक वाचकाच्या परिचयाचे असतील. या उद्गारांत तथ्य किती व भ्रम किती, या प्रश्नावर इंग्लंडांत जो वाद झाला त्याची हकीकत आम्हांस उद्बोधक वाटते.

१९४७ सालीं मँचेस्टरचे प्राध्यापक रॉबर्ट प्लॅट यांनीं कांहीं कुटुंबांची पाहणी करून असें प्रतिपादिलें कीं, अतिरक्तदाब हा स्वतंत्र रोग असून तो एकाच प्रबळ जनुकाच्या द्वारें पिढ्यान् पिढ्या उतरतो. अर्थात् रोगी व निरोगी असे मनुष्यांचे दोन भिन्न वर्गच होत. लंडनच्या जॉर्ज पिकरिंग यांस हें पटलें नाहीं. १९५४ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह शेंकडों माणसांचे आंकडे मांडून दाखविलें कीं, त्यांत असे दोन वर्ग कोठेंच विभक्त झालेले दिसत नाहींत. उंचीप्रमाणें रक्तदाबही अखंड श्रेणीनें चढत जातो. अनेक जनुकांचा अल्प अल्प प्रभाव व परिस्थिति यांचा तो परिपाक होय. रोगाची सीमारेषा निसर्गानें आखलेली नसून वैद्यांनीं सोयीसाठीं ओढलेली आहे.

कालानें कौल कोणास दिला? प्लॅट यांचा पक्ष सर्वस्वी निराधार नव्हता. १९९२ सालीं अमेरिकेंत रिचर्ड लिफ्टन प्रभृतींनीं एका विरळ कौटुंबिक अतिरक्तदाबाचें मूळ दोन शेजारी जनुकांच्या विचित्र जोडांत असल्याचें सिद्ध केलें. परंतु अशीं घराणीं फार थोडीं. २०१८ सालीं दहा लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीअंतीं रक्तदाबाशीं निगडित अशा जनुकीय स्थानांची संख्या ९०० वर गेली. आणि त्यांतील बहुतेकांचा प्रत्येकीं प्रभाव पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी! पारडें पिकरिंग यांच्याच बाजूस झुकलें. मात्र ते लोक मुख्यत्वें युरोपीय वंशाचे होते, हें आपण विसरतां कामा नये.

हा निव्वळ पंडितांचा कलह नव्हे. अनुवंश म्हणजे विधिलिखित मानलें कीं प्रयत्न खुंटतो. उलट, आपण सारे एकाच शिडीवर उभे आहों असें मानलें, तर वाडवडिलांनीं आपणांस कितव्याही पायरीवर ठेविलें असो, ताटांतलें मीठ व अंगावरचा मेद कमी करून एखादी पायरी उतरणें पुष्कळांच्या हातीं राहतें. घराण्याचा वारसा नाकारतां येत नाहीं हें खरें. पण तो कसा वापरावा, हें वारसानेंच ठरवावयाचें असतें.