जुन्या फर्निचरसाठी स्वस्तातला रंग कोणता घ्यावा?

जुन्या बाजारातून आणलेल्या स्टुलाला घरात उरलेला भिंतीचा रंग लावावा, असं आधी सुचतं. फुकटात काम होतं खरं, पण डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघतो आणि साधं इमल्शन रोजच्या वापरात सोलवटतं. लाकडी फर्निचरला इनॅमलच हवं.

ऑइल पेंट, म्हणजे तेलावरचं इनॅमल, सहसा स्वस्त पडतं आणि त्याचा थर कडक होतो. मात्र टर्पेंटाइन लागतं, वास दरवळतो, वाळायला रात्र जाते आणि पांढरा रंग काही वर्षांत पिवळसर दिसू लागतो. पाण्यात मिसळणारं इनॅमल थोडं महाग, पण लवकर वाळतं आणि ब्रश नळाखाली धुता येतो. छोट्या फ्लॅटमध्ये काम करणार असाल, तर हेच घ्या.

स्टुलाच्या दोन हातांना 200 मिलीचा डबा सहसा पुरतो. लिटरचा घेऊ नका. प्रायमरमध्ये मात्र काटकसर नको. सनमायकावर तर घासल्याशिवाय आणि योग्य प्रायमरशिवाय कुठलाच रंग टिकत नाही.

घासण्याआधी जुन्या रंगाचं वय पाहा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. नंतर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.