‘इखाची सुई’

इख म्हणजे वऱ्हाडी बोलीत विष. लेखिकेच्या नातवाला टाच टेकवता यावी म्हणून अकोल्यात त्याच्या पोटरीत दिलेले हे इंजेक्शन बोट्युलिनम या जिवाणूजन्य विषाचे. शब्द अचूक आहे, म्हणून बदललेला नाही. मात्र हे विष स्नायू जाळत नाही. स्नायूला भिडलेल्या मज्जातंतूच्या टोकात शिरून ते तिथले एक प्रथिन तोडते. मग ॲसिटिलकोलिन सुटत नाही आणि आखडण्याचा हुकूम स्नायूला पोचत नाही. आपल्याकडे जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावली की पापण्या जड होतात, तो घावही मज्जातंतू आणि स्नायूच्या याच सांध्यावर बसतो. पण मण्यारीचे विष रक्तातून अंगभर फिरते. सुईतले टोचल्या जागेच्या आसपास, काही सेंटिमीटरांतच राहावे असा प्रयत्न असतो. स्नायूवरचे पातळ आवरण त्याला पुरते अडवत नाही. मात्रा किंवा द्रावण जास्त झाले तर ते शेजारच्या स्नायूत उतरते. मानेत दिल्यावर कधी घास गिळणे अवघड होते ते यामुळेच. दूरवर पसरण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ठळक इशारा छापायला लावला. त्यात स्नायूंच्या ताठरपणासाठी ही सुई घेणाऱ्या मुलांचा खास उल्लेख आहे.

लेखिकेच्या मजकुरात पुढे ‘सुई उतरली’ असे येते. उपचार फसला असा त्याचा अर्थ नव्हे. तंतूला नवे फाटे फुटतात, मूळ टोकही कामाला लागते, आणि तीन-चार महिन्यांत गुण ओसरतो. तेवढ्या काळात पोटरी ताणून घ्यायची असते. आजीने ती रोज पहाटे ताणली.