‘तुझं काय बिघडलंय?’ नव्हे, ‘तुझ्यासोबत काय घडलं?’

अत्याचाराची बातमी आली की आपण गावात धावतो. एफआयआर, ॲट्रॉसिटीची कलमं, निवेदन, मोर्चा. हे सगळं करायलाच हवं. अशाच एका वस्तीत मी एका ताईला घटना विचारत होते. बोलता बोलता तिचे हात थंड पडले, नजर भिंतीवर थिजली. मी मात्र वहीत लिहीतच राहिले. पुढे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’चं, म्हणजे आघाताची जाण ठेवून आधार देण्याचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा उमगलं की ती गप्प झाली असली तरी तिचं शरीर बोलत होतं. ते ऐकायला मी शिकलेच नव्हते.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, ‘हे शहरी, पाश्चात्त्य खूळ आहे. आम्हाला समुपदेशन नको, न्याय हवा.’ त्यांनी या ज्ञानाचा इतिहास तपासावा.

पहिल्या महायुद्धात थरथरणारे, वाचा गेलेले सैनिक इस्पितळांत येऊ लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने त्यांच्याविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पण अशा कित्येकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. युद्ध संपलं आणि हा विषयही मागे पडला.

तो परत आणला चळवळींनी. १९७० च्या सुमारास अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे माजी सैनिक एकत्र बसून आपल्या जखमा एकमेकांना सांगू लागले. त्याच काळात स्त्रिया बलात्काराबद्दल उघड बोलू लागल्या. १९७४ साली बोस्टनमध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारपीडित स्त्रियांच्या मनावर आणि शरीरावर होणारे परिणाम नोंदवले. त्यांतली एक परिचारिका, दुसरी समाजशास्त्रज्ञ. या रेट्यानंतर १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात ‘पीटीएसडी’ हा आजार नोंदला गेला. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं की राजकीय चळवळीचा आधार नसेल तर आघाताचा अभ्यास टिकत नाही. मग हे ज्ञान चळवळीच्या विरोधात कसं? ते तर चळवळीचंच अपत्य आहे!

आता शरीराकडे येऊ. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात श्वास आणि शरीराकडे सजगतेने पाहण्याचा कार्यक्रम सुरू केला. आज तो ‘माइंडफुलनेस’ म्हणून जगभर विकला जातो. त्याचं मूळ कुठलं? सतिपट्ठान सुत्तातलं. त्यातली पहिलीच पायरी कायानुपस्सना, म्हणजे काया जशी आहे तशी पाहणं. हा आपला वारसा आहे. पण बाजारात जाताना यातलं शील गळालं, संघ गळाला. उरला एकटा माणूस आणि त्याचा ‘स्ट्रेस’.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दुःखाचा विचार एकट्या माणसाच्या मनापुरता ठेवला नाही, माणसाने माणसावर लादलेलं दुःखही धम्माच्या कक्षेत आणलं. म्हणून अन्याय सोसणाऱ्याला ‘डोळे मीट आणि शांत हो’ असं सांगणं धम्म नव्हे. शिवाय ते धोक्याचंही आहे. आघात सोसलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांपुढे तीच घटना पुन्हा उभी राहू शकते. त्यामुळे डोळे उघडे चालतील, श्वासाऐवजी जमिनीला टेकलेले पाय जाणवले तरी पुरे, आणि थांबायचं कधी हे तिनेच ठरवायचं. तिच्या शरीरावरचा हक्क हिरावला गेला होता, तो परत देण्याची सुरुवात इथून होते.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांचं सारं कुटुंब मारलं गेलं. २०१७ साली हृदयविकाराने त्यांचं निधन होईपर्यंत पोलीस, न्यायालय, पत्रकार आणि आपण कार्यकर्ते, सगळ्यांपुढे त्यांना तीच गोष्ट सांगावी लागली. माइक आपण दिला. रात्री त्यांना झोप लागते का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

ॲट्रॉसिटी कायद्यातल्या कलम १५-अ नुसार पीडितांना सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क आहे. ती मदत कागदपत्रांपुरती का असावी? जबाब एकदाच नीट नोंदवू या, तीच घटना दहा जणांनी विचारायची नाही. विचारण्याआधी परवानगी घेऊ या. एक कार्यकर्ती नुसती सोबत बसायला ठेवू या. आणि गावागावांतून हे दुःख उचलून आणणाऱ्या आपल्या साथींसाठीही विहारात महिन्यातून एकदा बसू या, कारण थिजलेलं शरीर घेऊन लढा लांबवर नेता येत नाही.

न्याय हवाच. पण न्यायाची तारीख येईपर्यंत माणूस जगलाही पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!