कर्करोगाच्या मूलपेशीसदृश पेशींचे त्रिमितीय संवर्धन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांतांना जेवढे स्थान मिळते, तेवढे प्रयोगशाळेतील साधनांना मिळत नाही. वास्तविक पेशी कशात वाढविली, यावरच तिच्याविषयी काय कळले हे पुष्कळदा अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मूलपेशीसदृश कर्कपेशींच्या संवर्धनाचा मागोवा घेतला आहे.

एकेरी थराचा काळ :
१९५१ मध्ये बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून, त्यांच्या संमतीविना घेतलेल्या पेशींपासून 'हेला' ही अखंड वाढणारी पेशीमाला मिळविली. पुढे भांड्याच्या तळाला चिकटून वाढणारा पेशींचा एकेरी थर सर्वत्र रूढ झाला. शरीरातील अर्बुद मात्र सपाट नसते. त्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू व पोषण कमी पोहोचते.

त्रिमितीकडे वाटचाल :
१९७१ मध्ये रॉबर्ट सदरलँड व सहकाऱ्यांनी हॅम्स्टरच्या पेशींचे बहुपेशीय गोलक वाढवून ही उणीव भरून काढण्याचा मार्ग दाखविला. १९७७ मध्ये हॅम्बर्गर व सॅमन यांनी मानवी अर्बुदांच्या पेशी मऊ अगारमध्ये वाढविल्या. त्यांतील थोड्याच पेशींपासून वसाहती निर्माण झाल्या. १९९२ मध्ये रेनॉल्ड्स व वाइस यांनी रक्तद्रवविरहित माध्यमात उंदराच्या मेंदूतील मूलपेशींचे तरंगते गोलक मिळविले. हीच रीत २००३ मध्ये टोरांटो येथे मेंदूच्या अर्बुदांना लागू करण्यात आली. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगातील अशा पेशींचा शोध घेतला. त्या कामी रुग्णाच्या पोटात साचलेल्या द्रवातील पेशी उपयोगी पडल्या.

'सदृश' या शब्दाचे महत्त्व :
गोलक बनविणारी प्रत्येक पेशी मूलपेशी असतेच असे नाही. सुट्या पेशी एकमेकींना चिकटूनही गोलक तयार होतो. म्हणून प्राण्यामध्ये नवे अर्बुद निर्माण करण्याची क्षमता ही कसोटी मानली गेली. परंतु तीही निरपेक्ष नाही. २००८ मध्ये क्विंटाना, मॉरिसन व सहकाऱ्यांनी अधिक दुर्बल प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले, तेव्हा मेलानोमाच्या सुमारे चारपैकी एका पेशीने अर्बुद निर्माण केले. जी पेशी दुर्मिळ वाटली होती, तिची दुर्मिळता काही अंशी परीक्षेचाच परिणाम होती.

निष्कर्ष :
संवर्धनाची पद्धत ही केवळ तटस्थ पार्श्वभूमी नसून ती निष्कर्षाचाच एक भाग असते. रोग्याच्या शरीरात टिकून राहणाऱ्या पेशीवर औषध शोधायचे, तर प्रयोगशाळेतील गोलक तिचे कितपत प्रतिनिधित्व करतो, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागेल.