जमादाराचा रुपया

दिल्लीत १९८२च्या नोव्हेंबरात नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी रंगीत दूरदर्शन पहिल्यांदा पाहिले. त्या पडद्यावर दिसलेली मैदाने, उड्डाणपूल आणि खेळाडूंची वसाहत बांधायला राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा या भागांतून मजूर आणले होते. किमान वेतन होते दिवसाला सव्वानऊ रुपये. ठेकेदार ही रक्कम जमादाराकडे देई. जमादार माणशी एक रुपया दलाली कापून सव्वाआठ हातावर ठेवी. बायकांना सातच मिळत.

तीन समाजशास्त्रज्ञांनी बांधकामाच्या जागी जाऊन पाहणी केली. त्यांच्या अहवालाच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १८ सप्टेंबर १९८२चा हा निकाल ‘एशियाड खटला’ म्हणून ओळखला जातो. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणे ही घटनेच्या कलम २३ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारच होय, कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच, असे न्यायालयाने त्यात म्हटले. कायद्याच्या वर्गांत एवढेच शिकवले जाते. मला मात्र त्या निकालातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटत आला आहे. मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचे नव्हेत, असा सरकारी पक्षाचा सूर होता. न्यायालयाने तो मानला नाही. काम ज्याचे, जबाबदारीही त्याची; मध्ये ठेकेदार उभा केल्याने सरकार त्या जबाबदारीतून सुटत नाही.

ठेकेदाराआड उभे राहण्याची ही सवय जुनी आहे, आणि तिच्यावरचा उताराही जुनाच. त्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये जावे लागते. शिंपीकाम, चर्मकाम अशा धंद्यांत माणसे कोंदट खोल्यांत कवडीमोलाने राबत. त्याची चौकशी करायला हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८८मध्ये समिती नेमली. तिच्यापुढच्या साक्षींतून एक अडचणीची गोष्ट बाहेर आली : या पिळवणुकीला सरकारी कंत्राटेही हातभार लावत होती. सरकार सर्वांत स्वस्त निविदा घेई, ठेकेदार पोटठेकेदाराला गाठी, तो आणखी खालच्याला. आणि प्रत्येकाचा नफा अखेर सुई चालवणारीच्या मजुरीतून निघे. करदात्याचा पैसा वाचला म्हणायचे, तो असा.

१३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडनी बक्स्टन यांच्या प्रयत्नाने हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला : सरकारी कंत्राटांत त्या धंद्यातल्या कुशल कामगाराला चालू दराने मजुरी मिळेल, अशा अटी घालाव्यात. बक्स्टन गोदी कामगारांच्या पॉप्लर वस्तीचे उदारमतवादी सभासद, आणि सरकार होते हुजूर पक्षाचे; तरी ठराव झाला. लंडनच्या स्कूल बोर्डाने आणि काउंटी कौन्सिलने हा मार्ग आधीच धरला होता.

लक्षात घ्या, हा कायदा नव्हता. देशात किमान वेतनाचा कायदाच नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सरकार इथे राज्यकर्ता म्हणून बोलत नव्हते, गिऱ्हाईक म्हणून बोलत होते : माझा माल हवा तसा शिवायचा असेल, तर शिवणाऱ्याला एवढे द्या, नाहीतर कंत्राट दुसऱ्याला. मला ही युक्ती फार शहाणी वाटते. तिच्यातला कच्चा दुवाही तिथेच होता. करार सरकार आणि ठेकेदार यांच्यातला. कामगार त्यात पक्षकारच नाही. अट मोडली तर त्याने दाद मागायची ती खात्याकडे, तीही बहुधा आपल्या युनियनमार्फत. जिथे युनियन नाही तिथे अट कागदावरच.

१९०९ आणि १९४६मध्ये तो ठराव अधिक कडक झाला. १९४९मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हीच कल्पना उचलून ९४ क्रमांकाचा करार केला, आणि ब्रिटनने त्याला पुढच्याच वर्षी मान्यता दिली. भारताने ती आजवर दिलेली नाही. पण म्हणून आपल्याकडे कल्पना पोचली नाही असे नव्हे. १९४२ ते १९४६ डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमसदस्य होते, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते. मजुरांचे हित पाहणारा आणि मजूर लावून घेणारा असा एकच मंत्री. हा योग पुन्हा क्वचितच आला. त्या बांधकाम खात्याच्या छापील अटींत न्याय्य मजुरीचे कलम आहे. मजुराचे नुकसान झाले, तर तेवढी रक्कम ठेकेदाराच्या बिलातून कापून भरून देण्याचा अधिकारही इंजिनिअरला त्यात दिलेला आहे.

म्हणजे हत्यार होतेच. एशियाडच्या वेळी ते उचलायला बाहेरचे तीन अभ्यासक आणि एक पत्र लागले. निकालाआधीच, मे महिन्यात, न्यायालयाने तीन निरीक्षक नेमून त्यांना बांधकामांवर धाडले होते. जे काम इंजिनिअरने बिलावर सही करण्यापूर्वी करायचे, ते. नियम मोडणाऱ्यांना होणाऱ्या किरकोळ दंडांवरही निकालात कडक शब्द आहेत. ठेकेदाराच्या दृष्टीने असा दंड हा धंद्यातला एक खर्च, इतकेच.

आणि एक योगायोग. ज्या सप्टेंबरात दिल्लीत हा निकाल लागला, त्याच सप्टेंबरात थॅचरबाईंच्या सरकारने ९४ क्रमांकाच्या करारातून अंग काढून घेतले. वर्षभराने तो जुना ठरावही रद्द झाला. अशा अटी बाजाराच्या आड येतात आणि रोजगार महाग करतात, ही त्यामागची भूमिका. जिथे कल्पना जन्मली तिथे ती मोडीत निघत होती, तेव्हा ज्या देशाने करारावर सही केली नव्हती तिथले न्यायालय तिच्या पुढे पाऊल टाकत होते.

पाऊल पुढे पडले, वाट मात्र सरळ नव्हती. मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणारे सुमारे २,७०० कंत्राटी कामगार ‘कचरा वाहतूक श्रमिक संघा’मार्फत लढले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४मध्ये त्यांना पालिकेचे कायम कामगार ठरवले. पालिका अपिलात गेली, आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगारांचे म्हणणे टिकले. तिथेही वाद तोच होता : झाडू ज्याच्या रस्त्यावर फिरतो, मालक तो की मधला?

आपल्याकडच्या ठेकेदारीत ‘बिलो’ हा शब्द रोजचा आहे. अमुक काम वीस टक्के बिलो गेले, म्हणजे अंदाजपत्रकाहून तेवढ्या कमी दराने. सिमेंट आणि लोखंड यांचे भाव बाजार ठरवतो, डिझेलचा पंपावर लिहिलेला असतो. निविदा फारच बिलो असली, तर महाराष्ट्रात ठेकेदाराकडून जादा अनामत घेतात, काम निकृष्ट होऊ नये म्हणून.