तीन मिनिटांची चौकट
१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले, तेव्हा रागाला जेमतेम तीन मिनिटे मिळाली. १९४८ मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची ऐसपैस जागा झाली. ध्वनिमुद्रणासाठी लॅपटॉप निवडताना मी हा इतिहास समोर ठेवतो. वेळेची चौकट गेली, यंत्राची राहिली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या सोळा ट्रॅकची तासाभराची मैफल आठ जीबीच्या वर जाते. प्रोसेसर थकला की आवाज उशिरा परततो आणि हेडफोनमध्ये गायकाला स्वतःचाच सूर मागे पडलेला ऐकू येतो. म्हणून पडद्याच्या चकाकीपेक्षा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि शांत पंखा यांवर पैसे घालावेत. तबकडीने गायकाला आवरते घ्यायला लावले; लॅपटॉपने तरी लावू नये.