धनुर्वेदांतील काष्ठपरीक्षा व वऱ्हाडचीं वनें

धनुर्वेदविषयक पोथ्यांत धनुष्यास कोणतें द्रव्य घ्यावें व कोणतें टाकावें याविषयीं जे श्लोक आढळतात, त्यांची वाट बहुधा दोन प्रकारांनीं लागते. वृक्षांचीं नांवें आलीं तर कोशांतील पर्याय देऊन संपादक मोकळा होतो. आणि फलश्रुति आली तर ती शकुनशास्त्राची भर म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः हे श्लोक म्हणजे काष्ठपरीक्षेचे नियम होत, व त्यांचा अर्थ लावण्यास कोशापेक्षां वनाचा उपयोग अधिक होतो, असें आमचें मत आहे. तें वऱ्हाडच्या वनांच्या आधारें येथें मांडावयाचें आहे.

धनुष्याशीं विदर्भाचा संबंध कथेंत जुनाच आहे. महाभारतांत विदर्भराजपुत्र रुक्मी याच्या विजय नांवाच्या धनुष्याची गणना गांडीव व शार्ङ्ग यांच्या बरोबरीनें केली आहे, आणि त्याच्या भोजकट नगराचें नांव पुढें प्रदेशवाचक झालेलें अचलपूरजवळील चम्मक येथें सांपडलेल्या वाकाटक द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटांत येतें. परंतु कथेपेक्षां भूमीची साक्ष अधिक मोलाची. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेस गाविलगडची डोंगररांग असून तिच्यांत गाविलगड व नरनाळा हे दोन दुर्ग आणि मेळघाटचें अरण्य आहे. तेथें साग मुख्य; त्याबरोबर धावडा, तिवस, धामण हीं झाडें व भरीव वेळू, ज्यास मानवेल म्हणतात, तो आढळतो. पोथ्यांतील बरींच नांवें या एकाच अरण्यांत उभीं आहेत.

कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें 1909 सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत आयुधागाराच्या प्रकरणीं धनुष्याचीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत : ताड, वेळू, लाकूड व शिंग. त्याच्या मागील कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत सारदारूंची, म्हणजे कठीण लाकडांची, यादी आहे. तींत शाक व तिनिश यांच्या लगेच पुढें धन्वन येतो, आणि यादीच्या शेवटीं धव येतो. हे दोन वृक्ष ग्रंथकारास निराळे अभिप्रेत आहेत हें यावरून निर्विवाद ठरतें. नागरी लिपींत मात्र ‘धन्वन’, ‘धावन’, ‘धव’ या शब्दांत एखाद्या अक्षराचेंच अंतर असल्यामुळें लेखकाच्या हातून घोटाळा होणें सहज आहे. त्यांत ‘धन्वन्’ या शब्दाचा अर्थ धनुष्य असाही होतो व मरुभूमि असाही होतो.

अशा ठिकाणीं निर्णय लाकडानें करावा. धव म्हणजे आपला धावडा. तो जड, चिवट व बळकट. गाडीचे आंस व हत्यारांचे दांडे यांस उत्तम. पण वाळतांना तडकण्याचा दोष त्यांत आहे. धन्वन म्हणजे धामण. तिच्या लाकडाचा विशेष गुण लवचिकपणा हा होय. तें वांकतें व पुनः सरळ होतें, म्हणून कावडीच्या दांड्यास तें पसंत करितात. निघंटूंत धन्वनास धनुर्वृक्ष असा पर्याय आहे, तो या गुणास शोभतो. उपयोगावरून झाडास नांव पडण्याचा हा प्रकार आपल्याकडेच आहे असें नाहीं. उत्तर अमेरिकेंत ओसेज लोक ज्या पिवळ्या लाकडाचीं धनुष्यें करीत, त्या तुतीच्या कुळांतील झाडास फ्रेंचांनीं ‘बोआ दार्क’, म्हणजे धनुष्याचें लाकूड, असेंच नांव दिलें. त्याची परीक्षा वार्षिक वलयांवरून करितात : वलयांतील दाट भाग जाड असावा, व धनुष्याच्या पाठीवर टोंकापासून टोंकापर्यंत एकच वलय अखंड राखावें. पाठीचा धागा तुटला कीं धनुष्य तुटलें, हें तत्त्व सर्वत्र एक आहे.

आतां वेळूकडे वळूं. शार्ङ्गधरपद्धति हा संग्रह इ. स. 1363 मधील, पीटर्सन यांनीं तो मुंबईस 1888 सालीं छापला. त्यांतील व वासिष्ठ धनुर्वेदांतील नियम पुष्कळ अंशीं सारखे आहेत. अतिजीर्ण, अपक्व, ज्ञातिघृष्ट, दग्ध व सच्छिद्र वेळू वर्ज्य सांगितला आहे. अपक्व मोडतो व अतिजीर्ण कर्कश होतो, हें कारण उघड आहे. कोंवळ्या वेळूचा धागा पुरा भरलेला नसतो. ज्ञातिघृष्ट, म्हणजे आपल्याच बेटांतील दुसऱ्या वेळूशीं घांसलेला. त्याचें फळ बांधवांशीं कलह असें दिलें आहे. येथें वाचक हंसतो व पुढें जातो. परंतु वेळूचें बळ मुख्यतः बाहेरील सालीलगतच्या दाट धाग्यांत असतें. वाऱ्यानें घांसून ती साल झिजली, तर धनुष्याचें बळच गेलें. फळ शकुनाचें असलें तरी निषेध कारागिराचा आहे.

पेरांचा नियमही तसाच. तीन, पांच, सात किंवा नऊ पर्वांचें धनुष्य शुभ. चार, सहा व आठ पर्वांचें वर्ज्य. पर्व शब्दाचा अर्थ सांधा असा घेतल्यास विषम संख्येंत एक सांधा मध्यावर, मुठीच्या जागीं, येऊं शकतो व उरलेले दोन्ही बाजूंस सारखे वांटले जातात. सम संख्येंत मध्यावर सांधा ठेवल्यास एक बाजू जड होते. हें आमचें अनुमान आहे, पण तें मापाशीं जुळतें. अग्निपुराणांत उत्तम धनुष्याची लांबी चार हात, म्हणजे सुमारें सहा फूट, दिली आहे. मानवेलीचें पेर साधारणतः एक ते दीड फूट भरतें. तेव्हां त्या लांबींत चार ते सहा सांधे येतात व त्यांतील विषम संख्या पांच हीच होय.

अग्निपुराण शरद् ऋतूंत घेतलेल्या वेळूस सर्वश्रेष्ठ म्हणतें. पावसाळ्यांत नवे कोंब वाढण्यांत बेटांतील साठविलेलें पिष्ट खर्च होतें, व पिष्ट कमी असलेल्या वेळूस भुंगा कमी लागतो, हें आतां सिद्ध झालें आहे. कौटिल्यानें प्रत्यंचेच्या द्रव्यांत वेळूही गणिला आहे. आणि सातपुड्यांतील भिल्लांच्या धनुष्याची दोरीही वेळूच्या चिरफळीची असे, ही गोष्ट त्या शब्दावरील प्रत्यक्ष भाष्य होय.

शिंगाच्या कमानी शस्त्रागारांत टिकल्या. लाकूड व वेळू भुंग्यानें खाल्ले. त्यामुळें संग्रहावरून इतिहास लिहिणारास कमान दिसते व कमठा दिसत नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली व 1974 सालीं मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प झाला. दोन्ही गोष्टी योग्यच. पण त्याबरोबर धनुष्यासाठीं वेळू निवडण्याचें प्रयोजन संपलें, आणि प्रयोजन संपलें कीं डोळाही जातो. कोरकू, गोंड व निहाल यांच्या वृद्धांकडून झाडांचीं स्थानिक नांवें व तोडणीचे नियम टिपून ठेविले, तर धनुर्वेदाच्या पाठनिर्णयास त्यांची साक्ष एखाद्या जुन्या पोथीइतकीच उपयोगी पडेल. ज्यांच्या संग्रहीं या विषयाच्या पोथ्या आहेत, त्यांनीं वृक्षनामांचे पाठभेद न सुधारतां जसेच्या तसे प्रसिद्ध करावे, एवढीच विनंती आहे.